पोटातले साधे जंतू आणि अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं

पेट्रीडिश

इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "मी वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घेतलेलं नाही, त्यामुळे शरीराला त्याची सवय नाही. गरज पडेल तेव्हा नीट लागू पडेल." तिथे उत्तर द्यायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही. कुणी कुठली गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही, जंतू काय करतात तेवढं सांगेन.

प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देणं, माणसात नसतो, जंतूंमध्ये असतो. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण जंतू म्हटलं की आपल्याला आठवतो आजार करणारा जंतू. मला वाटतं, या प्रकरणात खरी काळजी करायची ती आजार न करणाऱ्यांची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशोबानुसार माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. घशासाठी घेतलेल्या गोळीचा मारा त्यांच्यावरही होतो. जे मरतात त्यांची जागा वाचलेले घेतात.

एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. पण जिवाणू जनुकं फक्त पुढच्या पिढीला देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. लेडरबर्ग आणि टेटम या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४६ साली ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये हे दाखवलं. दोन जिवाणू एकमेकांना चिकटतात आणि एकातून दुसऱ्यात डीएनए जातो. प्रतिरोधाची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात. अशा कड्याची प्रत शेजाऱ्याला जाते आणि देणाऱ्याकडेही एक राहते. पाककृती लिहून दिली तरी आपल्याकडची वही रिकामी होत नाही, तसं. शेजारी त्याच जातीचा असायला हवा असंही नाही.

याची पहिली मोठी किंमत जपानने मोजली. महायुद्धानंतर तिथे शिगेला जंतूची रक्ती हगवण फार होती. आधी सल्फा औषधं दिली, ती निकामी झाली. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर चारही औषधांना एकदम दाद न देणारे शिगेला सापडू लागले. चार वेगवेगळे बदल एकाच जंतूत योगायोगाने व्हावेत, हे गणितात बसत नव्हतं. त्यात एकाच साथीतल्या काही रुग्णांचे जंतू साध्या औषधाने मरत होते आणि काहींचे कशानेच मरत नव्हते. त्याच रुग्णांच्या पोटातले निरुपद्रवी ई. कोलाय तपासले, तर तेही त्याच चार औषधांना पुरून उरत होते. १९५९ च्या सुमारास ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी दोन्ही जंतू एकत्र वाढवून दाखवलं की हा चार औषधांचा प्रतिरोध एकातून दुसऱ्यात एकगठ्ठा जातो. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली इंग्रजीतून सविस्तर मांडणी केली, तेव्हा उरलेल्या जगाचं लक्ष गेलं.

आता आपल्या पोटाकडे येऊ. मोठ्या आतड्यात ई. कोलाय खरं तर अल्पसंख्य. तिथे बहुसंख्य आहेत बॅक्टेरॉइड्ससारखे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ॲबिगेल सॅलियर्स यांनी आयुष्याचा मोठा भाग यांच्यावर घालवला. त्यांच्या गटाचा २००१ सालचा निबंध मी दरवर्षी वर्गात वाचून घेते. त्यांनी १९७० च्या आधी साठवलेले बॅक्टेरॉइड्स आणि १९९० च्या दशकातले बॅक्टेरॉइड्स शेजारी ठेवून तपासले. टेट्रासायक्लिनपासून वाचवणारं tetQ (यापुढे 'टेट-क्यू' लिहिते) हे जनुक जुन्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये होतं आणि नव्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त. एरिथ्रोमायसिनविरुद्धची दोन जनुकं २ टक्क्यांच्याही खाली होती, ती २३ टक्क्यांवर गेली. वेगवेगळ्या जातींमधलं टेट-क्यू जवळजवळ अक्षरशः सारखं होतं. म्हणजे प्रत्येक जातीने ते स्वतंत्र घडवलेलं नव्हतं, एकमेकांकडून घेतलं होतं.

धाग्याचं निमित्त झालेल्या वाक्याला खरं उत्तर त्याच निबंधात आहे. अलीकडे अँटिबायोटिक न घेतलेल्या निरोगी माणसांच्या जिवाणूंमध्येही ही जनुकं तितकीच होती, जितकी रुग्णांच्या जिवाणूंमध्ये. म्हणजे ही देवाणघेवाण फक्त हॉस्पिटलात नाही, घराघरात चालू आहे. मी औषध घेतलं नाही म्हणून माझं पोट त्यातून वगळलं जात नाही.

अजून एक. बॅक्टेरॉइड्समध्ये हे जनुक ज्या फिरत्या तुकड्यावर बसून जातं, त्या तुकड्याला टेट्रासायक्लिनचा स्पर्श झाला की त्याचं स्थलांतर १०० ते १००० पट वाढतं. औषध फक्त वाचलेल्यांना निवडत नाही, इथे ते देवाणघेवाण सुरू करून देतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खूप अस्वस्थ झाले होते, आणि अजूनही शिकवताना त्या जागी थांबते.

मुळाकाठ

फार छान लिहिलंय. एक शंका. बॅक्टेरॉइड्स निरुपद्रवी असतील तर त्यांच्याकडे जनुक असेना का, आपलं बिघडतं कुठे?

पेट्रीडिश

@मुळाकाठ, दोन ठिकाणी बिघडतं. पहिलं म्हणजे निरुपद्रवी हा गुण जागेवर अवलंबून आहे. अपेंडिक्स फुटलं किंवा आतड्याला भोक पडलं की हेच बॅक्टेरॉइड्स पोटाच्या पोकळीत जाऊन गळू करतात, आणि तिथे औषध लागू पडावं लागतं. मूत्रमार्गात गेलेला ई. कोलायही बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला असतो.

दुसरं म्हणजे ते साठा म्हणून काम करतात. इथे मी थोडी सावधगिरी बाळगते. बॅक्टेरॉइड्सकडचं जनुक ई. कोलायमध्ये गेलं तरी तिथे चालेलच असं नाही, दोघांचं नातं लांबचं आहे. पण ई. कोलाय आणि आतड्यातच राहणारा क्लेबसिएला हे जिवाणू जवळचे, त्यांच्यात देवाणघेवाण सहज होते. २००८ सालचं उदाहरण घ्या. दिल्लीत हॉस्पिटलात राहून स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला सापडला. कार्बापेनेम गटाची अँटिबायोटिक्स, जी आपण शेवटची म्हणून राखून ठेवतो, ती त्याच्यावर चालेनात. ते नवं जनुक म्हणजे एनडीएम-१, त्यातलं 'एनडी' म्हणजे न्यू डेल्ही. त्याच रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यात ई. कोलाय मिळाला आणि त्याच्याकडेही एनडीएम-१ होतं. ही देवाणघेवाण त्या माणसाच्या आतड्यातच झाली असावी, असं संशोधकांनी लिहिलं.

नावात दिल्ली असल्यामुळे आपल्याकडे तेव्हा मोठा गदारोळ झाला. नावाबद्दलची नाराजी मला समजते. पण २०१० साली मुंबईतल्याच एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी कार्बापेनेमना न जुमानणारे २४ जंतू तपासले आणि त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ सापडलं, हे त्यांनी आपल्याच देशातल्या नियतकालिकात छापलं. २०११ मध्ये दिल्लीतल्या साचलेल्या आणि वाहत्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये ते जनुक मिळालं. नळाचं पाणी पिणाऱ्याने कुठलंही औषध घेतलेलं असायची गरजच नाही.

दवाखाना

तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. जे वर लिहिलंय ते मला रोज टेबलापलीकडून दिसतं, म्हणून लिहितो.

पावसाळा सुरू झाला की जुलाबाचे पेशंट रांगेने येतात. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी आधीच मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी किंवा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल घेतलेली असते. दोन गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, उरलेली पट्टी घरातल्या डब्यात ठेवली, पुढच्या वेळी सासूबाईंना दिली. पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, फार ताप नाही, अशा बहुतेकांना अँटिबायोटिक लागतच नाही. लहान मुलांमध्ये तर बऱ्याचदा व्हायरस असतो, त्याला या गोळ्या काहीच करत नाहीत. त्यांना लागतं ओआरएस आणि झिंक. शौचातून रक्त पडत असेल, कॉलराचा संशय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे औषध द्यावंच लागतं आणि वेळेत द्यावं लागतं.

पेशंटला दोष द्यायला मन होत नाही. ऊसतोडीला आलेला माणूस एक दिवस बसला तर त्या दिवसाची मजुरी गेली. तो म्हणतो, "साहेब, काहीतरी स्ट्राँग द्या, उद्या फडात जायचंय." त्याला अर्धा तास समजावून ओआरएसचं पाकीट देऊन पाठवलं की तो पलीकडच्या दवाखान्यात जातो. तरीही मी पाकीटच देतो. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलराचे पेशंट वाचवले. सलाइन संपलं होतं तिथे. त्या पाकिटाला आपण 'नुसतं पाणी' म्हणतो याचं मला वाईट वाटतं.

औषधविक्रेता_जळगाव

डॉक्टरसाहेब, आमची बाजूही ऐका. चिठ्ठी नसताना देणं चूक आहे, नियमातही बसत नाही. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. सेफिक्झिमसारखी तिसऱ्या पिढीची औषधं, कार्बापेनेम वगैरे द्यायची तर डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं आणि रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. आम्ही लिहितो. पण साधी रोज खपणारी बरीच अँटिबायोटिक्स या यादीत नाहीत, त्यांना फक्त शेड्यूल एच लागू. चिठ्ठी त्यांनाही लागतेच. पण रजिस्टर नाही, त्यामुळे धाकही नाही.

पट्टीवरची उभी लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी खूण, लोकांना दाखवा. २०१६ मध्ये सरकारने त्याची मोहीम केली होती. मी काउंटरवर रिकामी पट्टी चिकटवून ठेवली आहे आणि विचारणाऱ्याला बोट ठेवून दाखवतो. परत जाणारे जातात, पण काही जण दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन येतात.

कोंबडीवाला

धागा माणसांचा आहे, पण आमच्या पोल्ट्रीचा संबंध येतो म्हणून विचारतो. करारावर पक्षी वाढवतो. पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीचं, शेड आणि मेहनत आमची. पूर्वी पहिल्या आठवड्यात पाण्यातून कोलिस्टिन असायचं. नंतर ते बंद झालं, कारण कुणी सांगितलं नाही. बॅच गेली की शेडमधलं तूस आणि विष्ठा शेतकरी खत म्हणून घेऊन जातात. त्यातूनही जंतू जातात का?

पेट्रीडिश

@कोंबडीवाला, कारण सांगते, आणि तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून आभार. कोलिस्टिन हे जुनं औषध. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांमध्ये मागे पडलं होतं. कार्बापेनेमही चालेनात तेव्हा डॉक्टरांना ते पुन्हा बाहेर काढावं लागलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनपासून वाचवणारं एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर बसून फिरतंय. त्यांनी तपासलेल्या जनावरांपैकी २१ टक्क्यांच्या, कच्च्या मांसाच्या १५ टक्के नमुन्यांतल्या आणि हॉस्पिटलातल्या सुमारे १ टक्का रुग्णांच्या ई. कोलायमध्ये ते होतं. या आकड्यांचा उतार बघितला की ते कुठून कुठे चाललंय याचा अंदाज येतो. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली. तुमच्याकडे ते बंद झालं ते यामुळेच असणार.

शेडमधून माणसात येतं का, हे अमेरिकन संशोधक स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं. बॉस्टनजवळच्या एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात मुद्दाम ऑक्सिटेट्रासायक्लिन घातलं. आठवड्याभरात कोंबड्यांच्या पोटातले बहुतेक ई. कोलाय टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या शौचाच्या नमुन्यांतही तसे जंतू मोठ्या प्रमाणात दिसू लागले. आसपासच्या घरांत तसं झालं नाही. घरच्यांनी औषध घेतलेलं नव्हतं, फक्त ते त्या कोंबड्यांमध्ये वावरत होते. शिवाय खाद्यात एकच औषध होतं, पण हळूहळू इतर अँटिबायोटिक्सनाही न जुमानणारे जंतू मिळू लागले. जनुकं एकाच प्लाझ्मिडवर ओळीने बसलेली असली की एक औषध सगळ्यांना सांभाळून ठेवतं.

खताचं म्हणाल तर हो, जंतू आणि जनुकं दोन्ही त्यातून जातात. नीट कुजवलं, ढीग आतून चांगला तापला, तर जंतू बरेच कमी होतात. ताजं तूस तसंच भाजीच्या वाफ्यात टाकू नका. शेडमधून आल्यावर साबणाने हात, आणि शेडची चप्पल घराबाहेर.

कोंबडीवाला

धन्यवाद ताई. आता औषधाच्या डब्यावरचं नाव वाचूनच वापरतो. गटातल्या इतर शेडवाल्यांनाही हे पाठवतो.

आइंडहोव्हनकर

इथे नेदरलँड्समध्ये हॉस्पिटलात भरती होताना एक प्रश्न हमखास विचारतात: अलीकडे परदेशातल्या हॉस्पिटलात राहिलात का? आणि दुसरा, डुकरांच्या फार्मवर काम करता का? उत्तर हो असेल तर आधी नमुने घेतात, निकाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. पुण्यात आईच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा मी तिच्यासोबत राहिलो होतो. परत आल्यावर माझंच छोटं ऑपरेशन होतं, तेव्हा हे सगळं अनुभवलं. सुरुवातीला अपमान वाटला. मग नर्सने शांतपणे समजावलं.

इथल्या विद्यापीठांनी २००१ प्रवासी तपासले होते, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. परदेशी जाताना ज्यांच्या पोटात ईएसबीएलवाले (बरीच अँटिबायोटिक्स तोडून टाकणारे) जंतू नव्हते, त्यातले ३४ टक्के ते घेऊन परतले. भारत आणि शेजारच्या देशांतून आलेल्यांमध्ये हे प्रमाण ७५ टक्के होतं. आजारी कुणी नव्हतं, हॉटेलात राहून, फिरून आलेली माणसं.

कावेरी

बाप रे, ७५ टक्के! आणि ते किती दिवस राहतात?

पेट्रीडिश

@कावेरी, त्याच अभ्यासात आहे. निम्म्या लोकांच्या पोटातून ते महिनाभरात गेले, पण ११ टक्क्यांच्या पोटात वर्षानंतरही होते. प्रवासात अँटिबायोटिक घेणाऱ्यांना धोका जास्त होता. (ईएसबीएल म्हणजे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बरीच औषधं तोडून टाकणारी विकरं. त्यांची जनुकंही प्लाझ्मिडवरच फिरतात.)

औषध थांबवलं की जनुकं जातात का, हा यातून येणारा मोठा प्रश्न, आणि त्याला एक उत्तर नाही. लेव्हींच्या शेतावर खाद्य बदलल्यावर सहा महिन्यांनी कुटुंबातल्या बहुतेकांच्या नमुन्यांत ते जंतू दिसेनासे झाले. चीनने २०१७ मध्ये खाद्यातलं कोलिस्टिन बंद केल्यावर एमसीआर-१ जनावरांत आणि माणसांत दोन्हीकडे लक्षणीय उतरलं. पण इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात सल्फा औषधांचा वापर ९७ टक्क्यांनी घटला, तरी लंडनच्या एका हॉस्पिटलात ई. कोलायमधला सल्फा प्रतिरोध १९९१ मधल्या ४० टक्क्यांवरून १९९९ मध्ये ४६ टक्क्यांवर गेला. कारण तेच, ते जनुक दुसऱ्या प्रतिरोधक जनुकांच्या सोबत एकाच प्लाझ्मिडवर होतं आणि ती दुसरी औषधं वापरात होती. एक औषध सोडून दुसऱ्यावर उडी मारली तर पहिलं परत मिळेलच असं नाही. एकूण वापर उतरायला हवा.

मुळाकाठ

दही किंवा प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेऊन चांगले जंतू परत आणता येतात ना?

पेट्रीडिश

दही अन्न म्हणून खा, चांगलंच आहे. कॅप्सूलबद्दल २०१८ साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेतला अभ्यास बघा. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचं आतडं मूळ स्थितीला यायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अभ्यास लहान आहे, पण कॅप्सूल घेतली की भरपाई झाली, हा समज टिकत नाही.

सायंतारा

'कोर्स पूर्ण करा, नाहीतर प्रतिरोध वाढतो' हे लहानपणापासून ऐकलंय. पण वर लिहिलंय त्यावरून तर जितके जास्त दिवस औषध, तितका पोटातल्या जंतूंवर जास्त मारा.

दवाखाना

फार चांगला मुद्दा. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमकं यावरच लिहून आलं होतं. ई. कोलाय, क्लेबसिएला यांच्या बाबतीत प्रतिरोध निवडला जातो तो बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्या आजाराचा उपचार चालू असताना, आतड्यात. तिथे जास्त दिवस म्हणजे जास्त निवड. त्यामुळे न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग यांचे कोर्स गेल्या काही वर्षांत छोटे होत चाललेत. पण कृपा करून यातून 'बरं वाटलं की मी ठरवून बंद करेन' असा अर्थ काढू नका. टीबीमध्ये प्रतिरोध त्याच जंतूत तयार होतो, तिथे एक दिवसही चुकवायचा नाही. किती दिवस घ्यायचं हे डॉक्टरला विचारा, आणि 'कमी दिवस चालतील का?' हेही विचारा. मला कुणी विचारलं तर आवडतं.

सायंतारा

विचारते. खरं तर मी हा धागा वाचतेय तो एका कारणासाठी. वडील ७१ वर्षांचे आहेत, पुढच्या आठवड्यात प्रोस्टेटची बायॉप्सी आहे, गुदमार्गातून सुई घालून करणार आहेत. आदल्या दिवशी सिप्रोफ्लॉक्सासिन घ्यायला सांगितलंय. पण महिन्यापूर्वी त्यांनी जुलाबासाठी ती ऑफ्लॉक्सासिनवाली गोळी पाच दिवस घेतली होती. याचा काही संबंध येतो का?

दवाखाना

येतो. आजच युरॉलॉजिस्टना फोन करून हे सांगा. सुई आतड्याच्या भिंतीतून प्रोस्टेटमध्ये जाते, सोबत आतड्यातले जंतू जाऊ शकतात. ते मरावेत म्हणून सिप्रो देतात. ऑफ्लॉक्सासिन त्याच गटातलं, त्यामुळे नुकतंच ते घेतलेल्या माणसाच्या आतड्यात सिप्रोला न जुमानणारे ई. कोलाय असण्याची शक्यता वाढते, आणि मग बायॉप्सीनंतर रक्तात संसर्ग होऊ शकतो. यावर मार्ग आहेत. आधी गुदमार्गाचा स्वॅब घेऊन कल्चर करतात, म्हणजे त्यातले जंतू वाढवून कुठल्या औषधाने मरतात ते बघतात, आणि त्याप्रमाणे औषध निवडतात. किंवा सुई गुदमार्गातून न घालता वृषण आणि गुदद्वाराच्या मधल्या त्वचेतून घालतात, त्यात हा धोका बराच कमी असतो. कुठला मार्ग योग्य ते तेच ठरवतील. बायॉप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

सायंतारा

फोन केला. त्यांनी गोळीचं नाव आणि तारखा लिहून घेतल्या, उद्या सकाळी स्वॅबसाठी बोलावलंय. कल्चरचा अहवाल येईपर्यंत बायॉप्सी पुढे ढकलली आहे. अहवाल आला की इथे कळवते.